मीपण गेलंय. परत आणता येतं का?

उजवी_खिडकी | रविवार, रात्री ११:२०

शीर्षक वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या आणि मग वाचा. गंमत म्हणून धागा काढलेला नाही.

ठाण्यात नौपाड्यात राहतो, वय ५३. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. आमच्या इमारतीत दर एकादशीला भजन असतं, त्यात टाळ माझ्याकडे. अडीच वर्षांपूर्वी एका शेजाऱ्यांच्या नादाने पहाटे बसायला लागलो. पद्धत साधी. विचार आला की विचारायचं, हा कोणाला आला? उत्तर येतं, मला. मग हा मी कोण, म्हणून तिथेच थांबून राहायचं. रमण महर्षींची वाट. खेतवाडीत बिडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराजही 'मी आहे' या जाणिवेलाच धरून बसा म्हणायचे. रोज पाऊण तास बसायचो. फार काही घडायचं नाही, गुडघे दुखायचे.

श्रावणात एका मंगळवारी सकाळच्या पनवेल गाडीत होतो. खिडकी मिळालेली. ऐरोली सुटलं आणि शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, घणसोली गेलं का?" "नाही, आधी रबाळे येईल, मग घणसोली," असं उत्तर ऐकू आलं. आवाज माझाच. पण उत्तर देणारा जिथे असायचा तिथे कोणी नव्हतं. कसं सांगू? जुना फ्रिज भंगारात दिला की त्याच्यामागे भिंतीवर एक चौकोन राहतो ना, तसा फक्त चौकोन. लिफ्टची दोरी तुटावी तसं पोटात झालं. कोपरखैरण्याला उतरलो. म्हणजे उतरणं झालं.

त्याला चार महिने झाले. प्रकाश दिसला नाही, आनंदबिनंद काही नाही. भीती आहे, कधी कमी कधी जास्त. कामं मात्र सगळी होतात. जीएसटीचं रिटर्न वेळेत जातं, उलट चुका कमी झाल्यात. बायकोशी बोलणं होतं. नावाने कोणी हाक मारली की शेजाऱ्याचं पार्सल आपल्या दारात आल्यासारखं वाटतं. शेजारी घरी नाही, म्हणून आपण घेऊन ठेवायचं.

सोसायटीचा खजिनदार आहे. गेल्या महिन्यात दोन चेक परत आले, शेरा 'सही जुळत नाही'. तीस वर्षं तीच सही करतोय. आता पेन टेकवलं की हात क्षणभर थांबतो आणि मग जे उमटतं ते कुणा दुसऱ्याचंच दिसतं.

'आपुले मरण पाहिले म्यां डोळां, तो जाला सोहळा अनुपम्य' हा अभंग टाळ कुटत शेकडो वेळा म्हटलाय. मीपण जाऊ दे रे देवा, हे तर आमचं पिढीजात मागणं. ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसला कसं जायचं हे मात्र कोणी सांगून ठेवलेलं नाही. तर प्रश्न सरळ आहे. गेलेलं परत आणता येतं का?

पोहे_कमी_बटाटे_जास्त | रविवार, रात्री ११:३१

मग धागा कोणी काढला?

उजवी_खिडकी | रविवार, रात्री ११:३८

हा विनोद पहिल्याच आठवड्यात मी स्वतःवर करून झालाय. हसू आलं होतं. पुढचा प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही.

तिसरी_सीट | रविवार, रात्री ११:४५

ऐरोलीनंतर रबाळे, मग घणसोली. अगदी बरोबर सांगितलंत. मीपण गेलं तरी स्टेशनं शाबूत आहेत, हे दिलासादायक.

चैतन्यलहरी | सोमवार, सकाळी ६:०५

त्रिवार अभिनंदन! लोक जन्मोजन्म ज्यासाठी झटतात ते तुम्हाला ऐरोलीत मिळालं. भीती वाटते म्हणजे थोडा अहंकार शिल्लक आहे, तोही जाईल. साधना वाढवा. पाऊण तासाचे तीन तास करा.

शून्य_ते_एक | सोमवार, सकाळी ९:१२

ठाण्यात याच विषयावर दोन दिवसांची निवासी कार्यशाळा
(जाहिरात असल्याने पुढचा मजकूर काढला आहे. संपादक)

ऑफ_ड्युटी | सोमवार, दुपारी २:४०

मनोविकारतज्ज्ञ आहे. ऑनलाइन निदान करत नाही, करूही नये. तरी चैतन्यलहरींचा 'तीन तास' वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तीन तास अजिबात नको. तूर्त पाऊण तासही नको.

तुम्ही लिहिलंत त्याच्या बरंच जवळचं एक वर्णन आमच्या पुस्तकांत आहे, डीपर्सनलायझेशन. आपण आपल्याच बोलण्या-वागण्याकडे बाहेरून बघतोय असं वाटतं, आवाज परका लागतो, कधी आजूबाजूचं जग काचेपलीकडचं वाटतं. माणूस भ्रमिष्ट झालेला नसतो. हे 'वाटतंय', हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि त्यानेच तो जास्त घाबरतो. जागरण, प्रचंड ताण, पॅनिक अटॅक, गांजा, आणि हो, ध्यानसुद्धा, यांतल्या कशानेही हे सुरू होऊ शकतं. काही प्रकारच्या फिट्समध्येही असं होतं. म्हणून आधी साधी शारीरिक तपासणी करून घ्या: थायरॉइड, बी-१२, गरज वाटली तर ईईजी आणि एमआरआय.

एक प्रसिद्ध केस सांगतो. सुझान सीगल ही अमेरिकन बाई. १९८२ साली पॅरिसमध्ये, गरोदर असताना, बसमध्ये चढता चढता तिचा 'मी' असाच नाहीसा झाला. पूर्वी तिने बरीच वर्षं ध्यान केलेलं होतं. पुढची दहा-एक वर्षं ती दहशतीत जगली. संसार केला, मूल वाढवलं, डॉक्टरेट मिळवली, आणि हे सगळं आत कोणी नसताना. थेरपिस्ट म्हणाले, हा आजार आहे. पुढे आध्यात्मिक गुरू भेटले, ते म्हणाले, अहो हाच तर मोक्ष. मग भीती गेली आणि लोक तिलाच ऐकायला येऊ लागले. १९९७ मध्ये ब्रेन ट्यूमरने ती वारली, वय जेमतेम बेचाळीस. ट्यूमर कळला तो अखेरच्या महिन्यांत, मूळ प्रसंगानंतर पंधरा वर्षांनी, तेव्हा कशाचा कशाशी संबंध हे छातीठोकपणे कोणीच सांगू नये. मला इतकंच म्हणायचंय की 'हा आजार आहे' म्हणणारे आणि 'हा मोक्ष आहे' म्हणणारे एकाच बाईबद्दल बोलत होते.

जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली तर थांबू नका. १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

उजवी_खिडकी | सोमवार, रात्री १०:१५

डॉक्टर, आभार. जीव नकोसा नाही. जीव आहे, मालक सापडत नाही, एवढंच. तपासण्या करून घेतो.

माहेर_पनवेल | मंगळवार, सकाळी ११:००

मी ७१ वर्षांची आहे, मुलगी टाइप करून देतेय, चूकभूल माफ.

गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. चिखल तुडवता तुडवता विठ्ठलनामात असे रंगले की रांगत आलेलं स्वतःचं लेकरू पायाखाली आलं तरी कळलं नाही. कीर्तनात हा प्रसंग आला की बुवा गहिवरतात, लोक डोळे पुसतात, म्हणतात काय ती तल्लीनता! मी लहानपणापासून ऐकतेय आणि दर वेळी मला पाण्याला गेलेली त्यांची बायकोच दिसते. ती घागर घेऊन परत येते तिथे. देवाने मूल परत दिलं म्हणून गोष्ट गोड झाली. नसतं दिलं तर?

रमण महर्षींचंही तेच. १८९६ साली मदुराईत सोळाव्या वर्षी त्यांना मरणाचा तो अनुभव आला, सहा आठवड्यांत घर सोडलं आणि तिरुवण्णामलईला गेले. तिथे देवळातल्या पाताळलिंगाच्या तळघरात बसले, तर किडामुंगीने मांड्या फोडल्या तरी शुद्ध नाही. लोकांनी उचलून बाहेर आणलं आणि तोंडात घास घातला. आई किती वर्षं मनवत होती. शेवटी १९१६ मध्ये तीच जाऊन राहिली त्यांच्यापाशी, आणि आश्रमात स्वयंपाक सुरू झाला.

म्हणजे एकाचं मीपण जातं तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी दुप्पट 'मी' व्हावं लागतं. तुमच्या चार महिन्यांत घरी काय चाललंय ते तुम्ही एका ओळीत उरकलंत. 'बायकोशी बोलणं होतं.' तिला विचारलंत का, कोणाशी बोलणं होतं?

उजवी_खिडकी | मंगळवार, रात्री ११:५०

काकू, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती भांडी आवरत होती. म्हणाली, "चार महिने तू माझ्याशी एकदाही भांडला नाहीस. मला वाटलं बाहेर काहीतरी आहे."

बाहेर काही नाही, आतही काही नाही, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

पासष्टी | बुधवार, सकाळी ७:३०

तुकोबांचा अभंग अर्धाच दिलात. पुढे म्हणतात, 'एकदेशी होतो अहंकारें आथिला, त्याच्या त्यागें जाला सुकाळ हा'. आणि 'मी माझ्या संकोचें दुरी जालों'. संकोच हा शब्द नीट बघा. त्यांना मी मेलो असं म्हणायचं नाही, मी आवळून बसलो होतो तो सैल झालो, असं म्हणायचंय. एका कोपऱ्यात कोंडलेलं सगळीकडे पसरलं, म्हणून सुकाळ. आणि हा अभंग त्यांच्या हातून उतरला त्याआधी दुष्काळ पाहिला, बायको अन्नावाचून गेलेली पाहिली, दिवाळं निघालं. 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग' हेही त्यांचंच. एकादशीला आपण शेवटचं पान गातो.

तुमच्या सहीवरून चांगदेव आठवले. चौदाशे वर्षांचे योगी, ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तर मायना काय लिहावा ते ठरेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद धाडला. मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोरा तो कोराच. ज्ञानदेवांनी मात्र त्या कोऱ्या कागदाचं उत्तर पासष्ट ओव्यांत दिलं.

उजवी_खिडकी | बुधवार, सकाळी ८:५५

तुकोबांचा सुकाळ, माझा दुष्काळ. आवळलेलं सुटलं हे खरं, पण पसरलं कुठेच नाही. पाण्याची टाकी फुटावी आणि शेतात पाणी पोचूच नये.

(कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्या मिळतात, कोऱ्या चेकला 'रिटर्न चार्जेस'.)

पोहे_कमी_बटाटे_जास्त | बुधवार, सकाळी ९:०१

हा माणूस नक्की आहे. नसता तर असा कंस टाकला नसता.

नेरुळ_पूर्व | बुधवार, रात्री १२:१०

तीन दिवस लिहू की नको करतेय. लिहितेच.

माझं झालं सहा वर्षांपूर्वी, दहा दिवसांच्या एका मौन शिबिरात. कुठल्या ते सांगत नाही. त्यांच्याबद्दल तक्रार असली तरी तिथून बरं होऊन आलेले लोकही मी पाहिलेत. सातव्या दिवशी दुपारी शरीराच्या संवेदना बघता बघता शरीर विरघळलं. तिथपर्यंत छान होतं. मग 'बघणारी' विरघळली आणि मी घाबरून ओरडले. मौनात ओरडणं कसं वाटतं ते मला विचारा. सांगितलं गेलं, समता ठेवा, हेही जाईल. हे गेलं नाही. घरी आले तर आरशातली बाई ओळखीची होती पण माझी नव्हती. मुलाला मांडीवर घेतलं की वाटायचं, याची आई कुठे गेली?

पहिलं वर्ष वाईट गेलं. गुरुबंधू म्हणाले, नशीबवान आहेस. सासू म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलंय. नवरा काही म्हणाला नाही, पण रात्री जागा राहायचा. मग कधीतरी इंटरनेटवर ब्राउन विद्यापीठातल्या लिंडाल आणि ब्रिटन यांचा २०१७चा अभ्यास सापडला. त्यांनी पाश्चात्त्य देशांतल्या बौद्ध परंपरेच्या साठ साधकांशी बोलून त्यांना ध्यानात आलेले जड, नकोसे, विचित्र अनुभव गोळा केले. एकूण ५९ प्रकार, सात गट. त्यातला एक गटच 'स्व'च्या जाणिवेत होणाऱ्या बदलांचा. मी ती यादी बोट ठेवून वाचली आणि ढसाढसा रडले. वेडेपणा नव्हता, वरदानही नव्हतं. यादीतली एक ओळ होती.

मला काय उपयोगी पडलं ते सांगते, तुम्हाला पडेलच असं नाही. ध्यान पूर्ण बंद केलं. वाशीच्या एका डॉक्टरबाईंनी औषधापेक्षा बोलण्यावर भर दिला. 'मी आहे का' हे दिवसातून शंभर वेळा तपासायची सवय त्यांनी पकडून दाखवली. जखम भरली का म्हणून खपली उचलून बघण्यासारखं आहे म्हणाल्या. तुमची ती पहाटेची 'कोणाला' विचारायची साधना आठवली वाचताना. ती अजून पोटात चालू असेल तुमच्या, बसणं थांबवलंत तरी.

बाकी सगळं हातापायांचं. भांडी मशीनमधून काढून हाताने घासली. चार वर्षं सोडलेले मासे पुन्हा खायला लागले. पहिला बांगडा खाताना काट्यापायी इतकं लक्ष द्यावं लागलं की अर्धा तास भीती आलीच नाही. संध्याकाळी खाडीकाठच्या ट्रॅकवर चालायचं, रोज त्याच बायकांबरोबर, भावांच्या भांडणांवर आणि भाजीच्या भावांवर बोलत.

तिसऱ्या वर्षी कधीतरी परत आले. तारीख नाही. मुलाच्या शाळेत कुठल्याशा पालकाशी पार्किंगवरून कडाक्याचं भांडण झालं, घरी येताना अजून तडतडत होते आणि एकदम लक्षात आलं, अरे, ही मी.

अजूनही कधी सिग्नलला गाडी थांबली की ते जातं. आता ओरडत नाही. चौकोनाकडे बघते, हिरवा लागतो, जाते.

ऑफ_ड्युटी | गुरुवार, सकाळी ७:४५

नेरुळ_पूर्व, तुमच्या डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांगा. सतत तपासत राहणं हेच बऱ्याचदा या अवस्थेचं इंधन असतं.

अनित्य | गुरुवार, दुपारी १:२०

बौद्ध बाजूने दोन शब्द. ताईंना शिबिरात कोणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग लिहिला. त्यात विपश्यनेच्या पायऱ्या क्रमाने दिल्यात. सगळं फुटताना, विरताना दिसतं ते भंगज्ञान, आणि त्याच्या लगेच पुढची पायरी भयाची. मग आदीनव म्हणजे सगळ्यात दोष दिसणं, मग निब्बिदा म्हणजे उबग. समतोल, उपेक्षा, ती खूप नंतर. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी नकाशावर स्पष्ट लिहिलेलं होतं, इथे भीती लागते. हल्लीच्या माहितीपत्रकांवर मात्र तणावमुक्ती आणि एकाग्रता एवढंच असतं.

तत्त्वाचं म्हणाल तर धागाकर्त्याचं काहीच गेलेलं नाही. बुद्धांनी सारनाथला पाच भिक्खूंना सांगितलं तेच: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान, यांतलं काहीही 'माझं' म्हणण्याजोगं नाही. जे नव्हतंच ते परत कसं आणणार?

उजवी_खिडकी | गुरुवार, रात्री १०:३०

नव्हतंच हे मान्य. पण जे नव्हतं त्याच्या नावावर गृहकर्ज आहे, अजून सात वर्षं.

बिनधूर | शुक्रवार, सकाळी १०:०५

चर्चा छान चाललीय, दोन माणसं राहिली. एक यू. जी. कृष्णमूर्ती. १९६७ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं असंच काहीतरी झालं, ऐन ४९व्या वाढदिवसाच्या सुमाराला. ज्ञानप्राप्ती म्हणायला त्यांनी जन्मभर नकार दिला, ते 'कॅलॅमिटी' म्हणायचे, म्हणजे अरिष्ट. या धाग्याचे मूळ पुरुष तेच म्हणायला हवेत.

दुसरे निसर्गदत्त महाराज, ज्यांचं नाव काकांनी घेतलं पण गोष्ट सांगितली नाही. संसारातलं नाव मारुती कांबळी. गुरू सिद्धरामेश्वर महाराज १९३६ मध्ये गेले. त्यानंतर हे घर, बायको, मुलं, धंदा सोडून हिमालयाकडे निघाले. वाटेत एक गुरुबंधू भेटला, त्याच्याशी बोलणं झालं आणि परत फिरले. मुंबईत येऊन बघतात तर अनेक दुकानांपैकी एकच उरलेलं. तेवढं पुरे म्हणून त्याच गल्ल्यावर बसले. जगभरचे लोक ज्यांना ऐकायला खेतवाडीच्या पोटमाळ्यावर यायचे, त्यांची गोष्ट ही अशी, घरी परत आलेल्या माणसाची. आणि ऐकून असाल, स्वभावाने गरम. मीपण गेलेला माणूस रागावत नाही हे कोणी ठरवलं?

माहेर_पनवेल | शुक्रवार, सकाळी ११:३०

घ्या. भांडा आता बायकोशी.

उजवी_खिडकी | २३ दिवसांनी, शनिवार, रात्री ९:१०

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहितो.

एमआरआय साफ, ईईजी साफ, थायरॉइड ठीक. बी-१२ मात्र १३८ निघालं. असायला हवं किमान दोनशेच्या वर. डॉक्टर म्हणाले यानेच हे झालं असं म्हणता येणार नाही, पण इतकं कमी असताना दुसऱ्या कशाला दोष देण्यातही अर्थ नाही. इंजेक्शनं चालू आहेत. पहाटेचं बसणं बंद. नेरुळताईंनी सांगितलेलं ते 'तपासणं' खरोखरच चालू होतं, दिवसभर, श्वासासारखं. पकडलं की थांबतं, परत सुरू होतं.

भीती बरीच उतरलीय, रुपयातली चाळीस पैसे राहिली असेल. चौकोन आहे तिथेच आहे.

मंगळवारी बायकोने विचारलं, कोथिंबीर का नाही आणलीस. चिठ्ठीत नव्हती म्हणालो. होती म्हणाली. अर्धा तास चाललं. चिठ्ठी सापडली, कोथिंबीर होती. पण काय बरं वाटलं सांगू, दोघांनाही.

चैतन्यलहरी | शनिवार, रात्री ९:२५

म्हणजे एवढं मोठं ब्रह्मज्ञान इंजेक्शन घेऊन घालवलंत?

पोहे_कमी_बटाटे_जास्त | शनिवार, रात्री ९:२६

१३८ला ब्रह्म, २००ला खजिनदार.

नेरुळ_पूर्व | शनिवार, रात्री ९:४०

चाळीस पैसे हा चांगला आकडा आहे. माझे अजून पाच-दहा असतात.

बिनधूर | शनिवार, रात्री १०:०२

आणि सहीचं काय झालं?

उजवी_खिडकी | शनिवार, रात्री १०:२०

काल बँकेत जाऊन नमुना सही बदलायचा अर्ज दिला. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला, तीन चौकोन होते, म्हणाली एकसारख्या करा काका. पहिली केली. दुसरी केली. तिसऱ्याला हात थांबला, पण मागे रांग होती म्हणून करून टाकली. तिने साहेबांना दाखवलं. त्यांनी चश्मा वर करून बघितलं, म्हणाले, दोन जुळतायत, चालेल.

तिसरी_सीट | शनिवार, रात्री १०:२३

आणि ते रिटर्न चार्जेस सोसायटीने भरले की तुम्ही?